डुकराच्या रुपयाची सोंड

रुपया मंगळवारी परत आला, आणि तोही गुन्हेगार ठरून.

देऊळगाव राजाच्या तहसील कचेरीत तेहेतीस वर्षं काढून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या लक्ष्मीकांत पाठकांनी पाकीट कात्रीनं कडेकडेनं कापलं. हातानं फाडलं नाही. पाकिटं फाडतात ती अर्जदार मंडळी. आत काड्यापेटीहून जरा मोठी, जाड पारदर्शक प्लॅस्टिकची डबी होती. रुपया तिच्यात कायमचा बंद केलेला होता, आणि वर चिठ्ठी होती: पंचम जॉर्ज, एक रुपया, १९११, ‘डिटेल्स – क्लीन्ड’.

पाठकांनी चिठ्ठी तीनदा वाचली. मग चष्मा पुसून चौथ्यांदा वाचली. मग पुण्याला बँकेत असलेल्या मुलीला, स्वरदाला, फोन लावला.

“बाबा, नाणं चांगलं असलं की ते लोक नंबर देतात. साठ, त्रेसष्ट, असा,” स्वरदा म्हणाली. “पण पृष्ठभागाला कोणी काही केलेलं असलं, की नंबर नाही. नुसतं ‘डिटेल्स’ लिहितात, आणि पुढे काय केलं ते. क्लीन्ड म्हणजे घासलेलं.”

“घासलेलं!” पाठक ओरडले. “म्हणजे आम्ही ठेवलं हे चुकलं, की स्वच्छ ठेवलं हे चुकलं?”

आता हा रुपया काही साधासुधा नव्हता. त्या साली टाकसाळीनं जे रुपये पाडले, त्यांवर राजाच्या अंगरख्यावर एक इवलासा हत्ती होता. त्याची सोंड इतकी आखूड निघाली की लोकांना तो डुक्कर वाटला. केवढा गहजब झाला, सरकारनं रुपये परत घेऊन वितळवले, आणि पुढच्या वर्षी हत्तीला सोंड नीट काढून दिली. जे थोडे वाचले ते ‘डुक्कर रुपये’. त्यातला एक पाठकांच्या पणजोबांनी लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनात ठेवला, आणि तेव्हापासून शंभराहून जास्त दिवाळ्या त्या डुकरानं हळदीकुंकू लावून घेतलं होतं.

हे सगळं पाठकांनी बुलढाण्याच्या नाणेप्रेमी मंडळाच्या सभेत उभं राहून सांगितलं होतं. मंडळाचे चिटणीस शंकरराव, निवृत्त इतिहास शिक्षक, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोळे मिटून म्हणाले, “पूजेतलं नाणं आहे, पाठक. काही ना काही केलेलं असणार त्याला.” बस, ठिणगी पडली. पाठक म्हणाले, माझ्या घरात आणि माझ्या टेबलावर खाडाखोड कधी चालली नाही. हा रुपया जसा टाकसाळीतून निघाला तसाच आहे. मुंबईच्या कंपनीचा दाखला आणून पहिल्या काचपेटीत ठेवीन, आणि त्यात जर फेरफार निघाला तर मंडळाची पायरी पुन्हा चढणार नाही. शंकररावांनी हे सगळं इतिवृत्तात लिहून घेतलं. इतिहासाच्या मास्तराला दुसरं काय येतं!

प्रदर्शन जानेवारीत होतं. दिवाळी नुकतीच झाली होती.

तर आता घासलं कोणी हा प्रश्न उरला. पाठक डबी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

“तुझ्या चिंचेनं माझं नाक कापलं,” ते बायकोला म्हणाले.

वासंतीबाई पोळी लाटत होत्या. त्यांनी लाटणं थांबवलं नाही. “काय झालं?”

“रुपया घासला तू!”

“घासला. सासूबाई घासायच्या, त्यांच्या सासूबाई घासायच्या. चिंच आन् रांगोळी. आन् या खेपेला तर तुम्हीच म्हणाले, मुंबईले जाऊन राह्यला, चकचकीत कर म्हणून. मी चिंचेनं घासला, तुमचं समाधान झालं नाही, तर तुम्ही घेऊन बसले टूथपेस्ट आन् जुना ब्रश. आता मले काऊन बोलून राह्यले?”

हे पाठकांच्या लक्षात होतं की नव्हतं, हे त्यांनाच ठाऊक. त्यांनी विषय बदलला. तेहेतीस वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट त्यांना उत्तम येत होती: कागद आपल्या टेबलावरून दुसऱ्याच्या टेबलावर कसा सरकवायचा.

त्यांनी अपील करायचं ठरवलं. अपिलाला प्रतिज्ञापत्र हवं. सेतू केंद्रातल्या पोराकडे नाण्यासाठीच्या प्रतिज्ञापत्राचा नमुना नव्हता. रेशनकार्ड हरवल्याचा होता, जातीच्या दाखल्याचा होता, विहिरीत पडलेल्या म्हशीचाही होता. त्यानं रेशनकार्डाचा घेतला, ‘रेशनकार्ड’च्या जागी ‘रुपया’ घातलं आणि छापून दिलं. पाठक घरी येऊन वाचतात तर काय: ‘सदर रुपया माझ्याकडून प्रवासात गहाळ झाला असून तो सापडल्यास मी तो शासनजमा करीन.’ ते तसेच मागे फिरले, पोराला झापलं, कागद बदलून घेतला. रुपया घरच्या झाडाच्या चिंचेनंच धुतला असून त्यात कोणताही गैरहेतू नव्हता, असं शपथेवर लिहून, चार झेरॉक्स जोडून, जालन्याच्या कुरियरनं मुंबईला रवाना केलं.

उत्तर ईमेलवर आलं, तीन ओळींचं, इंग्रजीत. निर्णय कायम. आणि खाली एक सूचना: कृपया नाणं सुधारण्याचा प्रयत्न करू नये.

“आम्हाला सुधारणा शिकवतात!” पाठकांनी मोबाइल पलंगावर आपटला. ज्या माणसानं आख्ख्या तालुक्याचे अर्ज सुधारले त्याला कुणी तरी एसीत बसलेला पोरगा सांगतो, सुधारू नका. खरं सांगायचं तर या ठिकाणी कुणालाही राग आला असता. घासलं की गुन्हा, नाही घासलं की मळ. मग माणसानं घरच्या चांदीशी वागायचं तरी कसं?

स्वरदानं त्यांना संकेतस्थळावरची यादी वाचून दाखवली. पाठकांनी जुनं रजिस्टर काढून तिचा सरकारी मराठीत तर्जुमा केला. ‘क्लीन्ड’ म्हणजे घर्षण. ‘पॉलिश्ड’ म्हणजे झिलई. ‘व्हिझ्ड’ म्हणजे यंत्राच्या ब्रशनं घासून आणलेली खोटी चमक. हा शब्द लिहिताना त्यांनी टूथब्रशचा विचार मनात येऊ दिला नाही. ‘टूल्ड’ म्हणजे हत्यारानं पुन्हा कोरलेलं. या सगळ्यांवर एकच पाटी, ‘अल्टर्ड सरफेस’, म्हणजे फेरफार केलेला पृष्ठभाग. “फेरफार!” ते गरजले. “महसुलात फेरफाराची रीतसर नोंदवही असते! फेरफार नोंदला की कायदेशीर होतो!” पण मुंबईकरांना महसूल कळत नाही, एवढीच नोंद करून त्यांनी रजिस्टर मिटलं.

यादीत एक गोष्ट त्यांना सोयीची सापडली. जुन्या चांदीवर काळसर झाक येते, तिला ‘टोनिंग’ म्हणतात, आणि ती असली की कंपनी खूश. म्हणजे मळ हवा. एवढंच ना?

बातमी गल्लीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. शेजारच्या सुभद्राबाई म्हणाल्या, शेणाच्या गवऱ्यांच्या उडवीत महिनाभर पुरा. बसस्टँडमागचा प्रेमानंद सोनार म्हणाला, महिना कशाला साहेब, दोन दिवसांचं काम आहे. अंडं उकडा, गरम गरम फोडा, डब्यात रुपयाशेजारी ठेवा आणि झाकण लावा. गंधकाची वाफ लागली की रंग असा चढतो की बघत राहावं. डबी फोडून द्यायचं काम त्यानं तिथल्या तिथे हातोडीनं करून दिलं.

पाठकांच्या घरात अंडं! हे वाक्य पाठकांना मनातल्या मनातसुद्धा पुरं करता येईना. शेवटी ते समोरच्या कडूबाकडे गेले.

कडूबाचं शेत देऊळगाव महीच्या रस्त्याला. पोरांच्या शाळेसाठी तो गावात राहायला आला होता. नऊ वर्षांपूर्वी त्यानं सातबाऱ्यावर विहिरीची नोंद लावायचा अर्ज दिला होता आणि पाठकांनी तो चार वेळा परत केला होता, प्रत्येक वेळी लाल शाईत तेच वाक्य लिहून: ‘अर्जात खाडाखोड आढळून आली, सबब परत.’ दोन वर्षं गेली त्यात. कडूबानं कधी राग दाखवला नाही. समोर आलं की हात जोडायचा, म्हणायचा, साहेब, चहा घ्या. पाठकांना वाटायचं, कायद्याचा धाक आहे.

“अंडं?” कडूबा म्हणाला. “हाव, देतो ना उकडून. पन साहेब, रुपयाले काऊन?”

“शास्त्रीय काम आहे,” पाठक म्हणाले.

अंड्याचा डबा घरी आला, त्यात रुपया गेला आणि डबा लोणच्याच्या बरणीमागे दडला. पहिल्या दिवशी वासंतीबाईंनी कोठीची खोली झाडली. दुसऱ्या दिवशी सकाळी धुतली. दुपारी त्या म्हणाल्या, अहो, घूसबीस काहीतरी मेलंय. संध्याकाळी लोणचं फेकायला निघाल्या, तेव्हा बरणीमागचा डबा त्यांच्या हाताला लागला आणि पाठकांना कबुलीजबाब द्यावा लागला. त्या दिवशी घरात देवाची पूजा दोनदा झाली आणि स्वयंपाक एकदाही नाही.

रुपयावर मात्र रंग चढला होता. कडेला निळा, मग जांभळा, मध्ये सोनेरी. राजाचं तोंड जांभळं पडलं होतं, जणू कुणी त्याचा गळा दाबला होता. पाठकांना तो फार ऐतिहासिक वाटला. रुपया पुन्हा मुंबईला गेला. तीन आठवड्यांनी पुन्हा डबीत बंद होऊन आला: ‘डिटेल्स – क्वेश्चनेबल कलर.’

“संशयास्पद रंग!” पाठक बैठकीत येरझाऱ्या घालू लागले. रागात त्यांची कचेरीची भाषा गळून पडायची आणि खालून बोली वर यायची. “संशय! माह्यावर! बे, तेहेतीस वर्षं दुसऱ्याच्या कागदावर संशय मी घेतला! माह्या कागदावर कोणाची माय व्याली संशय घ्यायले?”

“कागद नाही, रुपया आहे तो,” वासंतीबाई म्हणाल्या. “आन् संशय बरोबर आहे त्यांचा.”

पाठक त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी शंकररावांचा फोन आला. आठ दिवस राहिलेत, पहिली काचपेटी मोकळी ठेवलीय, पाटीही रंगवून झालीय, रुपया येतो ना? आवाज इतका गोड होता की पाठकांना तो दिवसभर कानात टोचत राहिला. दाखल्याचं काय, असंही शंकररावांनी विचारलं. मुंबईहून कंपनीचा तज्ज्ञ प्रदर्शनाला येतोच आहे, तो समोरच बघेल, असं ठरलं.

पाठक रुपया घेऊन प्रेमानंदाकडे गेले. डबी पुन्हा हातोडीखाली गेली. जांभळा रंग त्यानं पाच मिनिटांत उतरवला. मग भिंगातून बघत म्हणाला, “साहेब, खरी अडचण वेगळीच हाय. शंभर वर्षं घासून घासून ते जनावर सपाट झालंय. दिसंना तर लोकायले काय दाखवाल? जरासं उठवून देऊ?”

‘टूल्ड’ हा शब्द पाठकांच्या रजिस्टरात त्यांच्याच अक्षरात होता. पण मंडळाच्या इतिवृत्तात त्यांचा शब्दही होता, आणि रिकामी काचपेटी होती, आणि शंकररावांचा तो गोड आवाज होता. “नवीन काही नको,” ते हळूच म्हणाले. “जे आहे तेच फक्त स्पष्ट.” त्यांनी डोळे दुसरीकडे वळवले. आपल्या टेबलासमोर उभं राहून हेच वाक्य म्हणणारे किती अर्जदार त्यांनी हाकलून दिले होते, याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता हे एक बरं झालं.

प्रेमानंदनं रुपया गुलाबी कागदात बांधून दिला. बांधण्याआधी पाठकांच्या डोळ्यांना तिथे काहीतरी उठल्यासारखं दिसलं. तेवढ्यावर ते समाधानी झाले.

प्रदर्शनाला गल्लीच गेली म्हणायची. पाठक, वासंतीबाई आणि कडूबा, ज्याला बुलढाण्याला खताचं काम होतं, अशी तिघं एसटीनं चिखलीवरून पोचली. सभागृहात पहिल्याच काचपेटीवर पाटी होती: ‘अस्सल डुक्कर रुपया. पाठक घराण्यात १९११ पासून. कोणताही फेरफार नाही.’ पाठकांनी ती पाटी वाचली, शेवटच्या ओळीवरून नजर काढून घेतली, पण छाती पुढेच ठेवली.

कंपनीचा तज्ज्ञ तिशीतला पोरगा होता. त्यानं रुपया कडेनं धरला, दिव्याखाली तिरपा केला, भिंग लावलं. त्यानं भिंग काढून पुसलं, पुन्हा लावलं.

“सर,” तो म्हणाला, “याला सोंड आहे.”

“काय?” शंकरराव म्हणाले.

“हत्तीला सोंड आहे. चांगली लांब. सन १९११ आहे आणि सोंड आहे. असा रुपया टाकसाळीनं पाडलेलाच नाही. टूल्ड आहे हा. अगदी ताजा.”

आधी कोणीतरी खुसखुसलं. मग दुसरं. मग मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, “पाठकायनं डुकराचा हत्ती केला!” आणि सगळं सभागृह हसायला लागलं. शंकररावांनी स्वतःच्या हातानं पाटी काढली. त्यांनी हसू आवरलं होतं, आणि तेच पाठकांना सगळ्यात जास्त लागलं.

पाठकांनी पायरीवर येऊन प्रेमानंदला फोन लावला.

“बे हरामखोरा, सोंड कोणी सांगितली होती तुले?”

“साहेब, रागावू नका,” पलीकडून आवाज आला. “लक्ष्मीच्या ताम्हनातला रुपया तो. त्याच्यावर डुक्कर कोराले हातच उठंना. गनपतीचं नाव घेतलं आन् देली सोंड काढून. पैसे बी नगं मले.”

पाठकांनी फोन बंद केला. शिव्या द्यायलासुद्धा माणूस थोडा तरी पापी असावा लागतो.

परतीच्या एसटीत ते चिखली येईपर्यंत बोलत होते. कंपनीला, शंकररावांना, त्या पोरट्या तज्ज्ञाला, चिंचेला, अंड्याला. वासंतीबाई खिडकीबाहेर बघत होत्या. कडूबा पुढच्या बाकावर खताची पावती घडी करत बसला होता.

“एकानं तरी विचारलं का,” पाठकांचा आवाज चढला, “एकानं तरी, की हे केलं कोणी? का केलं? कोणत्या मनानं केलं? नाही! बघितलं, फेरफार दिसला, मारला शिक्का, केलं परत! हा काय न्याय झाला? हे लोक माणूस पाहतच नाहीत!”

कडूबा मागे वळला. “साहेब, एक बोलू?”

“बोल.”

“माह्या अर्जावरची खाडाखोड कोनं केल्ती, ते तुमी बी मले कधी इचारलं न्हाई.”

पाठकांनी त्याच्याकडे बघितलं. “कोणी केली होती?”

“तुमीच, साहेब.” कडूबा अगदी साधेपणानं म्हणाला, कोणी विचारलं म्हणून वेळ सांगावी तसा. “पयल्या दिशी मी खिडकीवर आलो. गट नंबर एकशे बाराचा एकशे सतरा पायजे, हे तुमीच पायलं. म्हनले, थांब, मी करून देतो. आन् निळ्या पेनानं दोनाचा सात केला. लय बरं वाटलं मले. म्हनलं, साहेब देवमानूस हाय. मंग पुढल्या महिन्यात खाडाखोड म्हनून परत आला.”

“मग सांगायचं नाही का?”

“सांगितलं ना. दुसऱ्या टायमाले. तुमी म्हनले, सरकारी कर्मचाऱ्यावर आरोप करतो का बे?”

एसटी चिखलीच्या स्टँडवर उभी राहिली, पाणी-शेंगदाणेवाले चढले, उतरले, एसटी सुटली. इतका राग पाठकांना आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो ठेवायला जागा सापडत नव्हती. कंपनीवर ठेवावा तर कंपनीचं खरं होतं. प्रेमानंदवर ठेवावा तर त्यानं देव आठवला होता. कडूबावर तर ठेवताच येत नव्हता. वासंतीबाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागल्या. त्याचाही पाठकांना राग आला.

देऊळगाव आलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “तो अर्ज आहे का अजून?”

“हाय ना. जपून ठेवेल हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कडूबा अर्ज घेऊन आला. कागद फाटू नये म्हणून त्यानं तो कधीचाच लॅमिनेशन करून घेतला होता. चांगलं जाड प्लॅस्टिक, चारी बाजूंनी बंद. आत एकशे बाराचा एकशे सतरा झालेला, निळ्या शाईत. तो सात पाठकांचाच होता. सातच्या शेपटीला गाठ द्यायची सवय कचेरीत त्यांच्याशिवाय कोणालाच नव्हती. समासात लाल शाईत चार वेळा तेच वाक्य, चार वेळा तीच सही.

नियम पाठकांना तोंडपाठ होता. दुरुस्ती करणाऱ्यानं दुरुस्तीशेजारी छोटी सही केली, की ती खाडाखोड राहत नाही. तेव्हा एक सही केली असती तर काम तिथेच झालं असतं. एक सही. अर्धं मिनिट.

ते उठले, कपाटातून जुना निळा पेन काढला, अर्ज टेबलावर सपाट केला आणि त्या सातच्या बाजूला सही करायला टेकले. पेन घसरला. त्यांनी जोर लावला. प्लॅस्टिकवर शाईचा एक थेंब उमटला आणि अंगठ्याला लागून पसरला. त्यांनी तो धोतरानं पुसला, पुन्हा टेकले, पुन्हा घसरला. आता नुसता डाग होत होता. त्यांच्या कपाळावरची शीर उठली. ते पेनवर ओरडले, शाईवर ओरडले, प्लॅस्टिक शोधून काढणाऱ्याच्या सात पिढ्यांवर ओरडले, आणि पुन्हा घासायला लागले. वासंतीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

कडूबानं हळूच कागद त्यांच्या हाताखालून ओढून घेतला.

“राहू द्या, साहेब,” तो म्हणाला. “उगाच खाडाखोड दिसंल.”